पाणी सोडलं का? देवाला देण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या एका लहानशा देवळात मी रविवारी सकाळी आणि दर संकष्टीला पावत्या फाडायला बसते. समोर घडीचं टेबल, दोन पावतीपुस्तकं, दोऱ्याने बांधलेलं पेन (तरीही वर्षाला तीन-चार जातातच), सुट्ट्या पैशांचा डबा आणि आता क्यूआर कोडची पाटी. पैसे देता देता बरेच जण काहीतरी विचारतात. गुरुजी घाईत असतात, देव बोलत नाही, मग उरते मी. खालची उत्तरं माझी आहेत. विश्वस्तांची नाहीत, शास्त्रीबुवांची तर मुळीच नाहीत.

मनापासून दिलं की नाही हे ओळखायचं कसं?

देताना काय वाटलं यावरून ओळखू नका. देताना गहिवरलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांतलीच काही पुढच्या संकष्टीला "आमचं नाव फळ्यावर इतकं खाली का?" म्हणून टेबलावर हात आपटतानाही पाहिली आहेत.

घरच्या पूजेत दान सोडतात तेव्हा नीट बघा. वस्तू पाटावर नाहीतर ताम्हनात ठेवतात, तिच्यावर तुळशीचं पान ठेवतात, यजमानाच्या उजव्या तळहातावर पळीभर पाणी घालतात आणि ते बोटांवरून खाली सोडायला लावतात. गुरुजी सांगतात, "न मम म्हणा." माझं नाही. होमातही आहुतीनंतर तेच, "इदं न मम". पूजा आटोपून जेवायला बसेपर्यंत आपण हे विसरतो, पण मराठी विसरलेली नाही. बुडालेल्या उधारीवर आपण पाणी सोडतो आणि सोडून दिलेल्या घरादारावर तुळशीपत्र ठेवतो.

माझी कसोटी एवढीच: आठ-पंधरा दिवसांनी त्या पैशांची आठवण झाली तर मन कुठे जातं? नाव लागलं का, मान मिळाला का, फळ कधी येणार, इकडे जात असेल तर पाणी अजून तळहातावरच आहे. आठवणच झाली नाही, तर उत्तम.

म्हणजे एकदा दिलं की हिशेबही विचारायचा नाही?

विचारायचा, अगदी जरूर विचारायचा! फक्त "माझे पैसे कुठे गेले" असं न विचारता "देवळाचे पैसे कुठे गेले" असं विचारा. ऐकायला फरक लहान वाटतो, पण टेबलाच्या या बाजूला तो लगेच कळतो.

सार्वजनिक देवस्थान महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याखाली नोंदलेलं असतं. त्याला हिशेब ठेवावे लागतात, ते तपासून घ्यावे लागतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे द्यावे लागतात. पावतीवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तो एकदा वाचा. पाणी सोडलं म्हणजे डोळे मिटले असं होत नाही. उलट पैसे देवळाचे झाले की त्यांच्यावर लक्ष ठेवणं सगळ्या गावाचं काम होतं. हिशेब मागणाऱ्याला "श्रद्धा नाही का तुमची?" असं विचारणारे विश्वस्त भेटले तर तिथली पावती फाडण्याआधी पुन्हा विचार करा.

नवस बोलून दिलं तर तो देवाशी सौदाच झाला ना?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक नवस फेडायला आलेले असतात, म्हणून मी आधी त्यांना बसायला खुर्ची देते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात २० ते २२ या तीन श्लोकांत दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. द्यायला हवं म्हणून, परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. उपकाराच्या फेडीसाठी, फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर आल्यासारखं दिलेलं ते राजस. नको तिथे, नको त्या वेळी, हिडीसफिडीस करून दिलेलं ते तामस. नवस यातल्या मधल्या खणात बसतो, आणि ते मान्य करायला काही हरकत नाही. नवस फेडणं म्हणजे शब्द पाळणं. त्याला दान म्हणायची गरजच नाही. कबूल केलेलं देऊन टाकलं, ऋण फिटलं.

टिटवाळ्याच्या गणपतीला पेढे घेऊन जाणाऱ्या जोडप्याला मी सौदेबाज म्हणणार नाही. आणि नारळी पौर्णिमेला चेंदणी कोळीवाड्यातून खाडीवर नारळ घेऊन निघालेल्या कोळणीला तर कोणत्या तोंडाने म्हणू? तो सोनेरी कागदातला नारळ सोडताना मागणं असतंच: दर्या शांत होऊ दे, होडी सुखरूप येऊ दे. घरचा माणूस पाण्यावर जाणार असताना काही न मागता उभं राहणं कुणाला जमेल? मागण्यात खोट नाही. खोट येते ती "आधी तू दे, मग मी बघते" या सुरात, आणि काम झाल्यावर एक्कावन्न पेढ्यांचे अकरा करण्यात. तेही मी पाहिलंय. वर "देवाला काय, भाव महत्त्वाचा" असं ऐकूनही घेतलंय.

५१ की १०१? वरचा रुपया कशासाठी?

वरचा रुपया म्हणजे पूर्णविराम पडू न देणं, अशी समजूत. शंभर म्हणजे भागून संपणारी गोल रक्कम, एकशे एक म्हणजे पुढे चालू. शुभकार्याच्या पाकिटालाही म्हणूनच नाणं चिकटवलेलं असतं.

सव्वा रुपयाची गंमत वेगळी आहे. संकल्पात, म्हणीत, आजीच्या तोंडी तो अजून आहे, पण चार आण्याचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं. त्यामुळे आज कुणाला सव्वा रुपया ठेवायचा म्हटलं तरी ठेवता येत नाही. लोक सव्वाशे ठेवतात नाहीतर सरळ अकरा. देवाने यावर अजून तक्रार केलेली नाही.

उत्पन्नाच्या किती टक्के द्यावं?

शिखांमध्ये दसवंध म्हणजे कमाईचा दहावा भाग. इस्लाममध्ये ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या आणि वर्षभर राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात. आपल्याकडे व्यवहारात असा पक्का आकडा कुणी पाळत नाही, त्यामुळे आपली सगळी भिस्त "यथाशक्ती" या शब्दावर. हा शब्द फार सोयीचा आहे, कारण शक्ती किती हे आपणच ठरवतो.

मला यावर महाभारतातली मुंगसाची गोष्ट आठवते. युधिष्ठिराचा अश्वमेध संपलाय, दानाचा नुसता पाऊस पडलाय, आणि एक मुंगूस येऊन म्हणतं, या यज्ञाला त्या शेरभर सातूच्या पिठाची सर नाही. त्याचं अर्धं अंग सोन्याचं. कुरुक्षेत्रात शेतातले सांडलेले दाणे वेचून जगणारं एक ब्राह्मण कुटुंब होतं. दुष्काळात बऱ्याच उपासांनंतर हाती आलेलं पीठ चौघांनी वाटून घेतलं, तेवढ्यात दारात अतिथी आला. आधी त्या ब्राह्मणाने आपला वाटा दिला, मग बायकोने, मग मुलाने, मग सुनेने. त्या सांडलेल्या पिठात लोळून मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं. उरलेलं अर्धं सोन्याचं व्हावं म्हणून ते यज्ञामागून यज्ञ फिरतंय.

मला त्यातली सून आवडते. सासरे नको म्हणत असतात तरी तीही आपला वाटा पुढे करते. पण एक सांगते, उपाशी राहून देवळात द्या असं मी कुणालाच सांगत नाही. घरात औषधं आणायची असतील तर त्या महिन्यात हात जोडा आणि घरी जा.

ओटीला कसला खण चालतो? पूजेचं तूप वेगळं मिळतं ते घेतलं तर?

हा माझा दुखरा विषय आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

नवरात्रात संध्याकाळी ओट्या मोजायला बसलं की प्रत्येक वर्षी तोच प्रकार. नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी ठीक. आणि खण? जाळीदार, पारदर्शक, ऐंशी सेंटिमीटरच्या नावाखाली साठ सेंटिमीटरचा, ज्याचं ब्लाऊज या पृथ्वीतलावर कुणी शिवणार नाही असा. तो गौरीला आला, तिथून हळदीकुंकवाला गेला, तिथून डोहाळजेवणात, आणि शेवटी कुणालाच नको म्हणून देवीला. एकदा एका खणाच्या घडीत आधीच्या ओटीची चिठ्ठी निघाली होती: "सौ. वहिनींना सप्रेम."

वाण्याकडे आता सगळंच दोन प्रकारचं मिळतं. खायची सुपारी आणि पूजेची सुपारी, खायचे तांदूळ आणि पूजेचे तांदूळ. तुपाच्या डबीवर तर छापलेलंच असतं, "फक्त पूजेसाठी, खाण्यास अयोग्य". आपण जे तोंडात घालणार नाही ते नैवेद्याच्या वाटीशेजारच्या निरांजनात. दिवा लागतो, हे खरं. स्वस्त तूप घ्यायची वेळ खरंच असेल तर तेलाची वात लावा, त्यात काही कमीपणा नाही. पण पाच हजारांची पैठणी नेसून साठ रुपयांची डबी आणणाऱ्या बाईला मी मनातल्या मनात नचिकेत म्हणते. खरं तर नचिकेताचा बाप म्हणायला हवं. कठोपनिषदाची सुरुवातच तिथून होते: बाप सर्वस्व दान करायला निघालेला, आणि देतोय काय, तर पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध देऊन झालेल्या भाकड गाई. पोराला ते बघवेना. त्याने विचारलं, "मला कुणाला देणार?" बापाला राग आला. राग येणारच, पोराने बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

ओटीचं सोपं गणित सांगते. जो खण तुम्ही तुमच्या बहिणीला देताना ओशाळणार नाही, तो देवीला द्या. नाहीतर नुसते तांदूळ आणि हळकुंड पुरतात.

दिलेल्या साड्या, नारळ यांचं पुढे काय होतं?

काही देवस्थानं साड्यांचा लिलाव करतात, काही गरजूंना देतात, नारळ प्रसादात जातात किंवा विकले जातात. "माझा नारळ परत दुकानात गेला" ही तक्रार वर्षातून दोनदा येते. पहिलं उत्तर पुन्हा वाचा. विकलेल्या पैशांची नोंद वहीत आहे का, एवढं मात्र जरूर विचारा.

पिंडीवर दूध ओतायचं की नाही?

महाशिवरात्रीला कौपिनेश्वराला रांग लागते तेव्हा निम्म्या हातांत दुधाच्या पिशव्या असतात. शंकर अभिषेकप्रिय, हे खरंच. पण त्याला लागते ती धार, आणि पाण्याची धार बारा महिने तेरा काळ चालते. गीतेच्या नवव्या अध्यायात देव स्वतः यादी देतो, पान, फूल, फळ, पाणी. दुधाचं नाव त्यात नाही, आणि शेवटी जे आहे ते ठाण्याच्या नळाला येतं. (येतं तेव्हा.)

मी कुणाला दूध ओतू नका म्हणत नाही. तांब्याभर पाण्यात चमचाभर दूध घाला, रंग बदलतो, समाधान होतं. आणि पिशवीचा दाताने तोडलेला तो कोपरा खिशात ठेवा. दुसऱ्या दिवशी गाभाऱ्याची मोरी तुंबते ती दुधाने नाही, त्या शेकडो कोपऱ्यांनी. पुजाऱ्यांच्या मुलाने एका शिवरात्रीनंतर वाकडी तार घालून ते काढले तेव्हा अर्धी बादली भरली होती.

निर्माल्य खाडीत सोडलं तर पुण्य की पाप?

ते पाण्यात सोडण्यामागे कल्पना होती ती फुलं-पानं कुजून मिसळून जाण्याची. पिशवीसकट कळव्याच्या किंवा वाशीच्या पुलावरून फेकलं तर ते कुठेच मिसळत नाही, तिवरांच्या मुळांत अडकून बसतं. गाडीतून फेकलेला नारळ खाली कुणाच्या डोक्यात बसेल ते वेगळंच. विसर्जन घाटांवर महापालिका निर्माल्य कलश ठेवते, बाकीच्या दिवशी कुंडी आहेच.

लोकलच्या दारातून खाडीत नाणं टाकणाऱ्यांना तांब्याच्या नाण्यांचा दाखला द्यायला आवडतो, तांब्याने पाणी शुद्ध व्हायचं वगैरे. आताची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत.

गुप्तदान श्रेष्ठ म्हणतात. मग पावतीवर नाव घालूच नये का?

पावतीवर घाला, तो हिशेबाचा भाग आहे. प्रश्न भिंतीवरच्या नावाचा आहे.

आमच्या सभामंडपात सहा घड्याळं आहेत. कुणाच्या तरी आईच्या, वडिलांच्या, आजोबांच्या स्मरणार्थ. वेळ विचारली तर त्यातली दोन बरोबर दाखवतात. उरलेल्या चारांना सेल घालायला कुणी देणगी देत नाही, कारण सेलवर नाव मावत नाही. पंखे, बाकडी, पायरीच्या फरश्या यांचं तसंच. नाव घालण्यात पाप आहे असं मला वाटत नाही. मेलेल्या माणसाचं नाव चार लोकांनी वाचावं ही इच्छा फार जुनी आहे, फार माणसाची आहे. शिलाहारांच्या ताम्रपटांवरही दात्याचं नाव असतं, म्हणून तर आपल्याला तो काळ कळतो.

पण एकदा असंही झालं. एका गृहस्थांनी सभामंडपाच्या रंगकामाचा पूर्ण खर्च दिला, नाव नको म्हणाले. आम्ही सगळे भारावलो. पुढचे दोन महिने भेटेल त्याला ते सांगत होते की मी नाव घालू दिलं नाही. त्यापेक्षा फरशी परवडली असती, निदान गप्प बसली असती.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण देतात, ते दान म्हणायचं का?

साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. तेहतीस अनारसे, वर दिवा, आणि जावयाला नारायण मानून ते वाण द्यायचं. अनारसे जमत नसतील तर बत्तासे, म्हैसूरपाक, काहीतरी जाळीदार. इथवर सगळं गोड आहे.

पुढे मात्र चांदीचं ताट, मग सोन्याची अंगठी, मग "मोठ्या जावयाला काय दिलं होतं" असा फोन. हे दान नव्हे. इथे देणाऱ्याचा हात मोकळा नसतो आणि घेणाऱ्याला परतफेडीची गरज वाटत नाही. तैत्तिरीय उपनिषदात एक छान यादी आहे: श्रद्धेने द्यावं, अश्रद्धेने देऊ नये, ऐपतीप्रमाणे द्यावं, लाजेने द्यावं, भीतीने द्यावं, जाणून द्यावं. लाज आणि भीती तिथे कशी काय, असा प्रश्न मला बरीच वर्षं होता. आमच्या गुरुजींनी उलगडून सांगितलं ते पटलं: देताना आपलं देणं थोडंच आहे याची लाज, आणि घेणाऱ्याचा मान तर दुखावत नाही ना याची भीती. व्याह्यांच्या फोनची भीती त्यात मोजलेली नाही.

जावई मंडळी हे वाचत असतील तर एक सुचवते. वाण घ्या, अनारसे खा, ताट परत करा.

गणपतीच्या वर्गणीला नाही म्हणता येतं का?

येतं. वर्गणी ऐच्छिक असते, आकडा समोरच्याने सांगायचा नसतो. नोंदणी नसलेल्या मंडळालाही वर्गणी गोळा करायची तर कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, ती दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. दमदाटी झाली तर पोलीस चौकी आहे. तरीही दुकानदार मंडळी नाही म्हणत नाहीत, कारण दुकानाची काच उरलेले ३५५ दिवसही तिथेच असते. त्यांना कुणी "भाव नाही" म्हणू नये. काढून घेतलेल्या पैशात भाव शोधायचा तो घेणाऱ्याने आपल्याकडे शोधावा.

करात सवलत मिळते का? आणि घेतली तर पुण्य कमी होतं का?

आधी सवलतीचं. सगळे जिला ८०जी म्हणतात ती फक्त तशी मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, आणि निव्वळ धार्मिक देवस्थानांपैकी अनेकांकडे ती मान्यता नसते. असेल तरी २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर सवलत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन द्या. तांदूळ, साडी, सोनं असं वस्तुरूपाने दिलेलं धरत नाहीत. जुनी करप्रणाली निवडली असेल तरच उपयोग. ३१ मार्चला संध्याकाळी येऊन मागच्या तारखेची पावती मागू नका. नाही मिळणार.

पुण्याचं म्हणाल तर सवलत घेण्यात काही वावगं नाही. वाचलेला कर पुन्हा कुणाला तरी द्या, म्हणजे हिशेब मोडणार नाही.

गुरुजींना दक्षिणा किती द्यायची?

दक्षिणा म्हणजे दान नव्हे. ज्याने तीन तास बसून पूजा सांगितली त्याच्या श्रमाचं आणि विद्येचं ते मोल आहे, म्हणून आधी विचारून घ्यावं आणि नंतर घासाघीस करू नये. विड्याच्या दोन पानांवर सुपारी आणि पैसे ठेवून पाणी सोडतात, ते पाणी नोटांवर पडू नये म्हणून लोक हल्ली पाकीट बाजूला सरकवतात. चालतं. आत कमी घालून पाकीट चिकटवून द्यायचं, तेवढं चालत नाही.

दोन नंबरचा पैसा देवाला दिला तर शुद्ध होतो का?

नाही. देवळाची पेटी ही लाँड्री नाही. ज्याचा घेतला त्याला परत करा. तेवढं धैर्य नसेल तर निदान मोठ्ठा मुकुट अर्पण करून फोटो काढू नका.

देवळात देण्यापेक्षा गरजूला दिलं तर जास्त बरं नाही का?

बरं आहे. दोन्ही करता आलं तर आणखी बरं. वाशीच्या गुरुद्वाऱ्यात कधी लंगरला बसला असाल तर दिसलं असेल की तिथे हे दोन वेगळे प्रश्नच नाहीत, देवाला दिलेलं शेजारच्या ताटात वाढलं जातं.

पण गरजूला देतानाही पाणी सोडायला लागतं, आणि ते जास्त अवघड आहे. देव उलट बोलत नाही. कामवाल्या ताईंच्या मुलीची फी आपण भरतो, फार छान वाटतं, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी चार सुट्ट्या घेतल्या की तोंडाशी येतं, "एवढं केलं आम्ही!" झालं, गीतेतला प्रत्युपकार तिथल्या तिथे हजर. हे मी दुसऱ्या कुणाचं सांगत नाहीये. त्या संध्याकाळी ताई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या वर्षीची फी त्यांनी आम्हाला सांगितलीच नाही. कुठूनतरी भरली.

मुलांच्या हातून पेटीत पैसे टाकावेत का?

टाकावेत, त्यांचेच असतील तर. आपली नोट त्यांच्या मुठीत कोंबून ती पेटीत टाकायला लावली की त्यांना फक्त फटीत कागद घालायचा खेळ मिळतो. एक चिमुरडा दर रविवारी आजीबरोबर येतो. एकदा त्याने खिशातून गोटी काढली, बराच वेळ उजेडात धरून बघितली, मग टाकली. खण्णकन आवाज आला. आजी ओशाळली. मोजणीच्या दिवशी ती गोटी निघाली तेव्हा कोषाध्यक्षांनी विचारलं, ही कुठल्या रकान्यात लिहू?

फाटकी नोट, जुनी नोट चालते का?

जोडलेली फाटकी नोट बँक नियमानुसार बदलून देते, तुम्हालाही देते. मग ती खास देवासाठी राखून का ठेवता? २०१६ साली बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा अजून अधूनमधून पेटीत निघतात. कुणाच्या तरी कपाटात, साडीच्या घडीत सापडलेल्या. त्या आता कुणाच्याच कामाच्या नाहीत, आणि त्या टाकून "हजार रुपये दिले" असं कुणी मनात मोजलं असेल तर मी काय बोलणार.

क्यूआर कोडवर दिलेलं मनापासून वाटत नाही, काय करू?

वाटत नसेल तर रोख द्या. एकच काळजी घ्या, स्कॅन केल्यावर देवस्थानचं नाव येतंय का बघा. पाटीवर दुसराच कागद चिकटवून जाणारे असतात, आम्ही दर सकाळी नखाने खरवडून बघतो.

पेटीत चुकून जास्त पैसे पडले तर परत मिळतात का?

मागच्या श्रावणात एक काका आले. पन्नासची टाकायची होती, पाचशेची पडली. चेहरा अगदी रडवेला. मी सांगितलं, पेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोघांकडे, ठरलेल्या दिवशी पंचांसमोर उघडते, आणि तेव्हा तुमची पाचशेची कुठली हे कोण सांगणार? ते म्हणाले, "घडी घातली होती, चौपदरी." मी म्हटलं, काका, सगळ्या चौपदरीच असतात.

ते जरा वेळ खुर्चीत बसले. तीर्थ घेतलं. मग उठून म्हणाले, "बरं, मग चारशे पन्नासची पावती तरी फाडा."

पेटीतल्या पैशांची पावती मिळत नाही.